ब्लँकच जिवाणू दाखवतोय? सोन्याच्या नॅनोकणांच्या सेन्सरमधला खोटा सिग्नल कुठून येतो

"ताई, ब्लँक परत वर गेला."

वर्षातून आठ-दहा वेळा तरी हा मेसेज येतो. पाठवणारा दर वेळी वेगळा, सोबतचा फोटो मात्र तोच: लॅपटॉपच्या स्क्रीनवर नायक्विस्ट प्लॉट (विजेला होणाऱ्या अडथळ्याचा आलेख), त्यात सुरुवातीचं एक लहान अर्धवर्तुळ आणि त्याला पोटात घेणारं एक मोठं. मोठ्याखाली लिहिलेलं असतं 'ब्लँक', म्हणजे जिवाणू नसलेला नमुना. थेंबात नुसतं बफर (आम्लता स्थिर ठेवणारं क्षारांचं द्रावण) होतं, एकही ई. कोलाय नव्हता, तरी सेन्सर छातीठोकपणे 'आहेत' म्हणतोय. पुढचा प्रश्न सेन्सरवरच्या मोकळ्या जागा बुजवणाऱ्या प्रथिनाचा, बीएसएचा, तोही ठरलेला: "बीएसए २ टक्के करू का?"

नको. निदान आज तरी नको.

मी स्वतः या एका दुखण्यावर जवळजवळ दीड वर्ष ब्लॉकिंग (ते जागा बुजवणं) बदलत बसले होते. बीएसए १ टक्का, मग २, मग केसीन, मग ट्वीन-२०, मग पीईजीवालं थायॉल. प्रत्येक बदलानंतर दोन-तीन दिवस बरं वाटायचं आणि मग पहिले पाढे पंचावन्न. पुढे कळलं, की माझ्या ब्लँकला एकाच वेळी तीन आजार होते आणि ब्लॉकिंगचा त्यातल्या एकाशीच थोडाफार संबंध होता. म्हणून आता विचारणाऱ्याला एकदाच सगळं लिहून देते.

कोणत्या सेन्सरबद्दल बोलतेय ते आधी सांगते. छापील कार्बन इलेक्ट्रोड, त्यावर रिड्यूस्ड ग्राफीन ऑक्साइडचा थर, त्यावर सोन्याचे नॅनोकण, सोन्यावर थायॉलची (सोन्याला गंधकाने चिकटणाऱ्या रेणूंची) साखळी, साखळीच्या टोकाला ईडीसी-एनएचएस या जोडणाऱ्या रसायनांनी जोडलेली अँटिबॉडी (जिवाणूला ओळखून धरणारं प्रथिन) आणि उरलेल्या मोकळ्या जागा बुजवायला बीएसए. मोजणी इम्पीडन्सने, म्हणजे उलटसुलट विजेला होणाऱ्या अडथळ्याने: ५ मिलिमोलार फेरी-फेरोसायनाइड (हाच प्रोब, ज्याचे आयन इलेक्ट्रोडशी इलेक्ट्रॉनची देवघेव करतात), ०.१ मोलार पोटॅशियम क्लोराइडमध्ये, १ लाख हर्ट्झपासून ०.१ हर्ट्झपर्यंत, १० मिलिव्होल्टचा हेलकावा. अँटिबॉडीने जिवाणू धरला की प्रोबच्या आयनांना इलेक्ट्रोडपर्यंत पोचायला अडथळा होतो, चार्ज ट्रान्सफर रेझिस्टन्स म्हणजे आरसीटी वाढते आणि अर्धवर्तुळ फुगतं. गोम इथेच आहे. अर्धवर्तुळ फुगवायला जिवाणूच लागतो असं कुठे आहे? वाटेत काहीही आलं तरी ते फुगतं.

आधी कागदावरचा हिशेब

प्रयोगशाळेत पाय ठेवण्याआधी हा हिशेब एकदा करावा. मी फार उशिरा केला.

ई. कोलाय साधारण २ मायक्रोमीटर लांब आणि १ मायक्रोमीटरपेक्षा थोडा कमी रुंद. आडवा पडला तर फार तर २ चौरस मायक्रोमीटर जागा झाकतो. छापील इलेक्ट्रोडची काळी चकती ४ मिलिमीटर व्यासाची धरली, तर तिचं क्षेत्रफळ साडेबारा चौरस मिलिमीटर, म्हणजे १ कोटी २५ लाख चौरस मायक्रोमीटर. त्यावर १००० जिवाणू, एकही वाया न जाता, चिकटले तरी झाकली जाणारी जागा २००० चौरस मायक्रोमीटर. टक्क्यांत सांगायचं तर ०.०१६. एक लाख चिकटले तर दीड टक्क्याच्या आसपास.

यावर कोणीतरी म्हणतंच, "पण ताई, जिवाणूवर ऋण भार असतो ना, तो आजूबाजूच्या प्रोबलाही ढकलेल." असतो. पण ०.१ मोलार क्षारात त्या भाराचा प्रभाव पोचतो किती? जेमतेम एक नॅनोमीटर. पेशीच्या कडेपलीकडे शेजारधर्म पाळण्याइतका तो जात नाही.

आता दुसरी बाजू. १० सीएफयू (वाढू शकणारे जिवंत जिवाणू) प्रति मिलिलिटरच्या सॅम्पलमधून ५० मायक्रोलिटरचा थेंब घेतला, तर त्यात सरासरी अर्धा जिवाणू येतो. दोन इलेक्ट्रोडमागे एक. अशा थेंबाने आरसीटी तीस टक्के वाढली असेल, तर ती कशाने वाढली हे मला सांगता येणार नाही, पण त्या अर्ध्या जिवाणूने नक्की वाढवलेली नाही. लॉगच्या रेषेवरून मागे मागे ओढत नेऊन '१ सीएफयू' लिहिलेल्या डिटेक्शन लिमिट्स (सेन्सरला ओळखता येणारी सगळ्यात कमी संख्या) पाहिल्या की मी आधी थेंबाचं माप शोधते. कित्येकदा ते दिलेलंच नसतं.

म्हणून कॅलिब्रेशनची रेषा १० ते १० लाखांपर्यंत सुतासारखी सरळ आली आणि खालच्या टोकालाही घसघशीत सिग्नल असला, तर आनंद आवरायचा. बहुतेक वेळा तो चढ काळाचा असतो. तोच इलेक्ट्रोड घेऊन आधी १०, मग १००, मग १००० असं चढत्या क्रमाने मोजलं, की आपोआप होणारी वाढ आणि जिवाणूंमुळे होणारी वाढ एकमेकींत मिसळतात. एकदा उलट्या क्रमाने मोजून पाहा, किंवा सहाही वेळा नुसतं बफर टाकून तीच रेषा काढा. माझी बफरची रेषा इतकी सुंदर आली होती, की ती पाहून त्या दिवशी मी काम आवरून घरी गेले.

ब्लँकला सॅम्पलसारखं वागवलं का?

मेसेज आला की माझा पहिला प्रश्न हा असतो. उत्तर बहुधा असं: "हो ताई, बफर टाकलं, धुतलं, रीडिंग घेतलं." किती वेळ ठेवलं होतंस? "लगेच." आणि सॅम्पल? "चाळीस मिनिटं."

ब्लँकला सॅम्पलइतकाच वेळ, तितक्याच तपमानात, तितक्याच वेळा धुऊन, त्याच झाकणाखाली ठेवायचं. इलेक्ट्रोड पीबीएसमध्ये (फॉस्फेटच्या खारट बफरमध्ये) नुसता बसला तरी बदलतो. वरवर चिकटलेली अँटिबॉडी सुटते, बीएसए सरकतो, थायॉलची साखळी जागा बदलते.

आणि थेंब वाळतो. एप्रिलमधल्या एका दुपारी मी इलेक्ट्रोड वजनकाट्यावर ठेवून काटा शून्य केला, त्यावर ५० मायक्रोलिटर पीबीएस टाकलं आणि काटा वाचत बसले. सुरुवातीला ५० मिलिग्रॅम. काट्याची काच उघडी, छताचा पंखा तीनवर. चाळीस मिनिटांनी १९. थेंबाची कड आत सरकली होती आणि तिच्या मागे मिठाची पांढरी रेघ उमटली होती, भांड्यात दूध आटल्यावर कडेला राहते तशी. त्या कडेवर क्षार अडीच पट झाले, प्रथिनं वाळून घट्ट बसली आणि नंतर तीन वेळा धुऊनही ती निघाली नाहीत. असं ब्लँक वर जाणार नाही तर काय होईल?

उपाय साधा आहे. पेट्री डिशमध्ये ओला टिश्यू, त्यावर इलेक्ट्रोड, वर झाकण. पंखा बंद. घाम येतो, इलाज नाही. थेंब शंभर मायक्रोलिटरचा केला तर आणखी बरं.

आरएस पाहायची सवय लावा

सगळे अर्धवर्तुळाचा व्यास पाहतात. मी आधी त्याचं डावं टोक पाहते, जिथे ते आडव्या अक्षाला भेटतं. तो द्रावणाचा रेझिस्टन्स, आरएस. जिवाणू चिकटल्याने तो बदलायचं काही कारण नाही. ब्लँकनंतर आरएस सरकला असेल, तर थेंब कमी पडला, वाळला, धुण्याचं पाणी त्यात राहिलं किंवा क्लिपचा संपर्क बिघडला. मगर-क्लिपच्या दातांवर हिरवट थर चढतो तो पाहा. बारीक सँडपेपरने घासला की कित्येक 'गूढ' सिग्नल जागेवर येतात.

याच ओघात गोंगाटाचंही उरकते. वक्रावर ५० हर्ट्झला आणि १०० हर्ट्झला ठिपका उडत असेल, तर ती घरच्या विजेची कृपा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा आणि इलेक्ट्रोड पत्र्याच्या डब्यात ठेवून डबा अर्थ करा. आमच्याकडे फरसाणाचा डबा आहे, वायरसाठी कडेला भोक पाडलेला. महागड्या फॅराडे केजइतकंच काम करतो.

पिवळ्या प्रोबवर माझा राग का आहे

आता त्या आजाराकडे येते ज्याने माझं सगळ्यात जास्त नुकसान केलं.

फेरी-फेरोसायनाइड आपण इतकं निरुपद्रवी मानतो, की बाटली खिडकीशी महिनाभर पडून असते. पण प्रकाशात या आयनांमधून थोडं थोडं सायनाइड मोकळं होतं. सायनाइड आणि सोनं यांचं नातं खाणीवाल्यांना सव्वाशे वर्षांहून अधिक काळ ठाऊक आहे: खडकातून सोनं विरघळवून काढायला ते तेच वापरतात. आपल्या इलेक्ट्रोडवरचे १५-२० नॅनोमीटरचे कण म्हणजे त्याच्यासाठी चणेफुटाणे. सोबतचं क्लोराइडही सोन्याला फार सुखाने राहू देत नाही. सोनं कुरतडलं गेलं की त्यावर बसलेलं थायॉल सुटतं, थायॉलबरोबर अँटिबॉडी जाते आणि आरसीटी कधी घसरते, कधी वाढते. दिशा ठरलेली नसते, म्हणून हे पकडणं अवघड. त्यात द्रावण जुनं झालं की प्रशियन ब्लू तयार होऊन पृष्ठभागावर बसू शकतो, तो आणखी वेगळा घोळ.

याची चाचणी अर्ध्या दिवसात होते आणि कोणीही सेन्सर बनवला की ती करायलाच हवी असं माझं मत आहे. अँटिबॉडी आणि ब्लॉकिंग झालेले सहा इलेक्ट्रोड घ्या. तीन प्रोबच्या द्रावणात ठेवून एकामागून एक दहा स्पेक्ट्रा (पूर्ण मोजण्या) काढा. उरलेल्या तिघांचं प्रोबमध्ये एकच रीडिंग घ्या, धुवा, तेवढाच वेळ प्रोब नसलेल्या पीबीएसमध्ये ठेवा आणि शेवटी पुन्हा एक रीडिंग घ्या. पहिले तीन सरकले आणि दुसरे तीन जागेवर राहिले, तर चोर सापडला. दोन्ही गट सरकले, तर थर अजून बसलेला नाही. त्याचं पुढे सांगते.

माझ्या पहिल्या तीनपैकी एक बाराशे ओहमवर सुरू झाला आणि दहाव्या स्पेक्ट्रमला सतराशेवर होता. पीबीएसमधले तिघेही पाच टक्क्यांच्या आत. दीड वर्षाचं ब्लॉकिंग-पुराण त्या दुपारी संपलं.

काय बदललं ते सांगते. प्रोबचं द्रावण रोज ताजं, तपकिरी बाटलीत किंवा फॉइल गुंडाळून. रंग फिकट पिवळा हवा. हिरवट झाक आली की ओतून द्यायचं, 'आजचा दिवस निघेल' म्हणायचं नाही. मोजायच्या वेळीच प्रोब टाकायचा, मोजून झालं की लगेच धुवायचं. खालची मर्यादा ०.१ हर्ट्झवरून १ हर्ट्झवर आणली. आरसीटी काढायला अर्धवर्तुळ पूर्ण दिसलं की पुरे, शेपटी मिनिटभर मोजत बसून सोनं कशाला झिजवायचं? प्रोबची तीव्रताही कमी केली. एवढ्याने भागलं नाही तर रुथेनियम हेक्साअमीन या दुसऱ्या प्रोबकडे वळा. त्यात सायनाइड नाही. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. तो धनभारित आहे, म्हणजे ऋण भाराच्या जिवाणूपासून दूर पळण्याऐवजी त्याच्याकडे ओढला जातो. सिग्नल लहान किंवा उलटाही येऊ शकतो. आणि त्याचं पोटेन्शियल इतकं ऋण बाजूला आहे, की हवेतला ऑक्सिजन मध्ये तोंड घालतो, त्यामुळे नायट्रोजनचे बुडबुडे सोडावे लागतात.

वापरलेलं फेरी-फेरोसायनाइड वेगळ्या कॅनमध्ये. ॲसिडच्या कॅनमध्ये कधीच नाही. तीव्र ॲसिडात हायड्रोजन सायनाइड निघू शकतो, आणि तो वायू चूक सुधारायला वेळ देत नाही.

थर बसलेलाच नाही

पावसाळ्यात मेसेज वाढतात, असा माझा अनुभव आहे. कारण ईडीसी. पावडर दमट हवेत पाणी ओढून घेते आणि निकामी होते, वर पाहून कळतही नाही. उणे २० वरून बाटली काढून लगेच उघडली, की आत दव धरतं. बाटली बंद ठेवूनच तपमानाला येऊ द्यायची, अर्धा तास तरी, मगच झाकण काढायचं. द्रावण बनवून ठेवायचं नाही. तोलायचं, विरघळवायचं, वापरायचं.

ईडीसी मेलेलं असलं तरी अँटिबॉडी इलेक्ट्रोडवर चिकटतेच, पण नुसती टेकलेली, जोडलेली नाही. त्या दिवशीचा आरसीटीचा चढ बघून सगळं जमलं असं वाटतं. मग ती ब्लँकच्या चाळीस मिनिटांत सुटत राहते. ओळखायची खूण अशी, की ट्वीन-२० घातलेल्या बफरने जोरात धुतल्यावर आरसीटी मूळ पदावर येते.

दुसरं, बफर. ट्रिस किंवा ग्लायसिनमध्ये जोडणी करायची नाही, त्यांचेच अमीन गट आधी जाऊन बसतात. हे बहुतेकांना माहीत असतं. माहीत नसतं ते हे, की विकत आणलेल्या अँटिबॉडीच्या कुपीत टिकण्यासाठी बीएसए घातलेला असू शकतो, आणि तो अँटिबॉडीच्या कित्येक पट. मग आपण मोठ्या निगुतीने इलेक्ट्रोडवर बीएसए जोडतो आणि त्यावर पुन्हा बीएसएने ब्लॉक करतो. कुपीचा कागद नीट वाचा, 'कॅरिअर-फ्री' मागवा, नाहीतर आधी शुद्ध करून घ्या.

थायॉलच्या थरालाही घाई चालत नाही. मी जोडणीनंतर मर्कॅप्टोहेक्सनॉलने मधल्या जागा भरते, इलेक्ट्रोड रात्रभर ४ अंशांवर बफरमध्ये ठेवते आणि सकाळी तीन रीडिंग घेते. तिन्ही एकमेकांच्या पाच टक्क्यांत आली तरच तो इलेक्ट्रोड कामाचा. न आली तर इलेक्ट्रोड बाजूला. दहातले तीन-चार बाजूला पडतात आणि पहिल्या वर्षी जीव तुटतो, पण इलाज नाही.

ग्राफीनबद्दल एवढंच: थेंब टाकून वाळवला की कडेला जाड आणि मध्ये विरळ थर पडतो, चहाच्या कपाचा डाग पडतो तसा. जाड कड धुताना पापुद्र्यासारखी निघते. पातळ द्रावणाचे दोन थर एका जाड थरापेक्षा चांगले. पापुद्रे सांधायला नेफिऑन वापरणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की तो ऋणभारित आहे; तो स्वतःच फेरीसायनाइडला दारात अडवतो. कायटोसान धनभारित, त्याची गंमत उलटी.

बफरमध्ये छान, दुधात बट्ट्याबोळ

ही तक्रार वेगळी, तरी चेहरा तोच: ब्लँक वर. फक्त यावेळी ब्लँक म्हणजे दूध.

पुन्हा कागद घ्या. दुधात प्रथिनं साधारण ३.३ टक्के, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ३३ मिलिग्रॅम. एका ई. कोलायचं वजन सुमारे १ पिकोग्रॅम. मिलिलिटरमध्ये १००० जिवाणू असले तर ते सगळे मिळून १ नॅनोग्रॅम. प्रथिनं जिवाणूंच्या ३ कोटी ३० लाख पट. त्यात शर्यतही बरोबरीची नाही. न पोहणारा जिवाणू नुसत्या विसरणाने अर्ध्या तासात सरासरी ४० मायक्रोमीटर सरकतो. बीएसएसारखं प्रथिन तेवढ्याच वेळात त्याच्या दहा पटीहून जास्त अंतर कापतं. जिवाणू निघेपर्यंत प्रथिनांनी चटई अंथरून पंगत मांडलेली असते.

त्यामुळे दूध थेट इलेक्ट्रोडवर टाकणं मी बंदच केलंय. अँटिबॉडी लावलेले चुंबकीय मणी दुधात फिरवायचे, चुंबकाने एका बाजूला ओढायचे, दूध ओतायचं, तीन वेळा धुवायचं आणि ते मणी थोड्या बफरमध्ये इलेक्ट्रोडवर आणायचे. १० मिलिलिटरमधले जिवाणू १०० मायक्रोलिटरमध्ये आले तर शंभर पट दाट झाले, हा वरचा नफा. स्निग्धांश आधी सेंट्रिफ्यूजने काढू पाहणाऱ्यांनी सांभाळून राहावं. साय वर येताना काही जिवाणूंना सोबत घेऊन येते.

ब्लँकही दुधाचाच हवा, बफरचा नाही. टेट्रापॅकमधलं यूएचटी दूध त्यासाठी सोयीचं. पण एक गंमत आहे: त्या दुधात जिवंत कोणी नसलं तरी मेलेल्यांची टरफलं असू शकतात आणि अँटिबॉडीला जिवंत-मेलेला हा फरक कळत नाही. प्लेटवर शून्य कॉलनी आणि सेन्सरवर सिग्नल, असं आलं तर दोघंही खरं बोलत असतील. जिवंतच मोजायचे असतील तर आधी काही तास माध्यमात वाढवा आणि वाढीच्या आधीचं व नंतरचं अशी दोन रीडिंग घ्या.

नळाच्या पाण्याचा त्रास वेगळ्या जातीचा. पिण्याच्या पाण्यासाठी आयएस १०५००:२०१२ म्हणतं, की कोणत्याही १०० मिलिलिटर नमुन्यात ई. कोलाय सापडता कामा नये. आपला थेंब १०० मायक्रोलिटरचा, म्हणजे त्या नमुन्याचा हजारावा भाग. गाळून घेतल्याशिवाय या मापदंडाच्या गोष्टी करूच नयेत. ०.४५ मायक्रोमीटरच्या पडद्यातून १०० मिलिलिटर गाळा आणि पडद्यावरचं धुऊन घ्या. शिवाय त्याच मानकानुसार पाण्यात उरलेला मोकळा क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवा, आणि तो थायॉलला आणि अँटिबॉडीला दोघांनाही खातो. तो मारायला नमुन्याच्या बाटलीत सोडियम थायोसल्फेट घालतात, आणि तेच थायोसल्फेट सोन्यावर जाऊन बसतं. एका मुलाचा ब्लँक डिस्टिल्ड वॉटरमध्ये शांत आणि नळाच्या पाण्यात भडकलेला होता. त्याने क्लोरीनवर खापर फोडलं होतं. बाटलीतलं थायोसल्फेट त्याला सुचलंच नव्हतं. गाळून पडदा दोनदा पीबीएसने धुतल्यावर दोन्ही गेले.

प्रोब थेट नमुन्यात मिसळणाऱ्यांसाठी आणखी एक. छापील इलेक्ट्रोडवरचा सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइड हा खरा रेफरन्स नाही, तो आजूबाजूच्या क्लोराइडवर हलतो. क्लोराइड दहा पट बदललं की ५९ मिलिव्होल्ट. नळाचं पाणी आणि पीबीएस यांच्यात दहा पटींहून जास्त फरक सहज असतो. तुम्ही डीसी पोटेन्शियल तेच ठेवलेलं असतं, जागा मात्र घसरलेली, आणि आरसीटी वाढलेली दिसते. मोजणी नेहमी एकाच प्रोब द्रावणात करा, किंवा दर वेळी आधी व्होल्टॅमोग्राम (व्होल्टेज फिरवत काढलेला करंटचा आलेख) काढून दोन शिखरांचा मध्य घ्या.

उलटी तक्रार: टाकले, तरी काहीच नाही

ब्लँक शांत झाला की काहींचं सॅम्पलही शांत होतं. घाबरू नका, आता तुम्ही खरं मोजताय.

इथे पहिला प्रश्न: स्ट्रेन कोणता? "डीएच५-अल्फा, ताई, फ्रीजमध्ये होता." झालं. तो के-१२च्या घराण्यातला. के-१२ने प्रयोगशाळेत राहून राहून आपलं ओ-अँटिजेन (पेशीच्या बाहेरची साखरेची साखळी) गमावलंय. ओ१५७ या घातक ई. कोलायच्या ओ-प्रकारावर बनवलेली अँटिबॉडी त्याला ओळखणार कशी? ज्या ओ-प्रकाराविरुद्ध अँटिबॉडी आहे तोच जिवाणू हवा. एटीसीसी २५९२२ हा नेहमीचा स्ट्रेन ओ६ आहे, तोही ओ१५७च्या अँटिबॉडीला चालणार नाही. खरा ओ१५७:एच७ हाताळायला बीएसएल-२ची (जैवसुरक्षा पातळी २ची) सोय लागते. ती नसेल तर मारलेल्या पेशी मागवा. अँटिबॉडीला त्या चालतात हे वर सांगितलंच आहे.

दुसरं, माध्यमासकट पेशी टाकू नका. रात्रभर वाढलेल्या एलबीमध्ये (वाढीच्या माध्यमात) सुटलेलं लायपोपॉलिसॅकराइड (पेशीच्या बाहेरच्या आवरणाचा घटक) असतं, ते आधी जाऊन अँटिबॉडीची बोटं धरून बसतं. तीन वेळा पीबीएसने धुवा. मोजणी ओडीवरून (द्रावणाच्या गढूळपणावरून) करत असाल तर त्याच दिवशी प्लेटही लावा. ओडी ६००ला १ म्हणजे मिलिलिटरला सुमारे ८० कोटी हा नुसता अंदाज आहे आणि तो मेलेल्यांनाही मोजतो.

तिसरं, थेंब स्थिर ठेवू नका. वर पाहिलंच, की जिवाणू विसरणाने अर्ध्या तासात ४० मायक्रोमीटर सरकतो, आणि थेंबाची उंची एक-दोन मिलिमीटर. वरच्या मजल्यावरचे खाली येतच नाहीत. दर पाच मिनिटांनी पिपेटने हलकेच आतबाहेर करा किंवा डिश रॉकरवर ठेवा, झाकणासकट.

शेवटचा मेसेज गेल्याच आठवड्यातला. ब्लँक सपाट, ई. कोलायला सिग्नल, साल्मोनेलाला नाही, सगळं मनासारखं. "पण ताई, स्टॅफ ऑरियसला ई. कोलायपेक्षा जास्त येतंय. अँटिबॉडी फेकून देऊ?" सशाची आहे का, विचारलं. हो म्हणाला. स्टॅफ ऑरियसच्या अंगावर प्रोटीन ए असतं, ते सशाच्या अँटिबॉडीला शेपटीकडून पकडतं. अँटिबॉडीने स्टॅफला ओळखलेलंच नव्हतं, स्टॅफनेच तिला धरलं होतं. शेपटी कापलेली एफ-एबी-२ घे किंवा कोंबडीच्या अंड्यातली आयजीवाय, तिला प्रोटीन ए धरत नाही, एवढं लिहून पाठवलं. आयजीवाय मागवली आहे म्हणतो, दोन आठवड्यांत येईल.